बहात्तराव्या हिश्श्याचे आकाश

सहा फूट उंचीचा माणूस एक इंचाचा झाला, ते साल १९३२. त्या वर्षी इंग्लंडात 'स्कायबर्ड्स' नावाने लाकडी विमानांचे संच विकायला आले. अर्धवट घडवलेले पंख आणि धड, धातूचे इवलेसे पंखे आणि चाके, सोबत एक नकाशा. बाकीचे काम कानस, पॉलिश पेपर आणि घेणाऱ्याच्या चिकाटीवर सोडलेले. या संचांचा कर्ता जेम्स हे स्टीव्हन्स हा विमानवेडा तरुण होता. प्रत्येक विमान एकाच मापाने लहान व्हावे, म्हणजे कपाटात शेजारी शेजारी ठेवल्यावर कोण मोठे कोण छोटे हे खरे दिसेल, असा त्याचा हट्ट होता. मग माप कोणते? वैमानिकाची उंची त्याने ढोबळमानाने सहा फूट धरली आणि ती एका इंचावर आणली. सहा फुटांचे इंच बहात्तर. एकास बहात्तर हे प्रमाण असे जन्मले. आज फूट आणि इंच शाळेतून हद्दपार झालेल्या देशांतही लढाऊ जेटच्या प्रतिकृतीच्या खोक्यावर १:७२ हाच आकडा असतो. गावाच्या शिवा बदलाव्यात आणि विहिरीचे नाव मात्र तेच राहावे, तसा तो टिकून आहे. या आकड्याचे बोट धरून आपण निघू. वाटेत तो कधी सुटेलही.

निघण्यापूर्वी थोडे मागे जायला हवे, कारण प्रतिकृती विमानापेक्षा वयाने थोरली आहे. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्वीलरी बागेत आल्फोन्स पेनो या अवघ्या एकविशीतल्या तरुणाने रबराच्या पिळावर चालणारे एक हलके विमान उडवले. काही सेकंद ते स्थिरपणे हवेत राहिले. इंजिनाच्या विमानातून माणूस उडायला अजून बत्तीस वर्षे होती. पेनोच्याच धर्तीचे उडते खेळणे १८७८ मध्ये अमेरिकेतल्या एका धर्मगुरूने आपल्या दोन मुलांना आणून दिले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्विल राइट. खेळण्यातून विमान निघाले, विमानातून पुन्हा खेळणे निघायचे होते. मात्र राइट बंधूंनंतरची तीसेक वर्षे प्रतिकृती म्हणजे उडणारी प्रतिकृती हेच समीकरण होते. बाल्साचे लाकूड, पातळ कागद आणि रबर. आपल्याकडे एनसीसीच्या हवाई विभागात हा वारसा अजून चालू आहे. न उडणारी, नुसती बघायची प्रतिकृती ही कल्पना तेव्हाच्या छांदिष्टांना थोडी हास्यास्पदच वाटली असणार. उडत नाही ते विमान कसले?

हा प्रश्न हसण्यावारी नेणारी कंपनी म्हणजे 'फ्रॉग'. इंग्रजीत हा बेडूक असला तरी मुळात 'जमिनीवरून सरळ उडते' अशा अर्थाच्या चार शब्दांची ती आद्याक्षरे होती, कारण कंपनीचे पहिले उत्पादन रबरावर उडणारे विमान होते. १९३६ मध्ये याच कंपनीने न उडणारी विमाने काढली आणि मालिकेला नाव दिले 'पेंग्विन', म्हणजे न उडणारा पक्षी. स्वतःच्या मालाची इतकी मनमोकळी थट्टा करणारी जाहिरात आज सापडणार नाही. पेंग्विनचे महत्त्व नावापलीकडे आहे. हे प्लॅस्टिकचे संच होते, सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे, आणि प्रमाण स्टीव्हन्सचेच, १:७२. अ‍ॅसिटेटचा दोष असा की काही वर्षांनी ते आक्रसते, पिळते. जुन्या पेंग्विन विमानांचे पंख उन्हात ठेवलेल्या पापडासारखे वाकलेले दिसतात. तरी पुढच्या साऱ्या वंशाचे मूळ इथे आहे.

मग दुसरे महायुद्ध आले आणि या मुलांच्या छंदाला अचानक सरकारी दर्जा मिळाला. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे हे काही सेकंदांत ओळखता आले नाही तर आपल्याच वैमानिकावर तोफ डागली जाते. तोफचीला रेखाचित्रे दाखवून भागत नव्हते, कारण विमान कधी समोरून, कधी पोटाकडून, कधी वळताना दिसते. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने देशभरच्या शाळांतील विद्यार्थ्यांना पाच लाख लाकडी प्रतिकृती करून देण्याचे आवाहन केले. शाळांच्या सुतारशाळांत मुले जर्मन मेसरश्मिट आणि जपानी झीरो कोरू लागली. चांगले काम करणाऱ्यांना हुद्द्यासह प्रमाणपत्रे मिळत. नंतर शिकागोच्या क्रूव्हर कंपनीने त्याच कामासाठी प्लॅस्टिकच्या प्रतिकृती ओतल्या. रंग काळा. चेहरा नको, फक्त सावली हवी. आणि प्रमाण? तेच, १:७२. त्यामागे आता कारणही होते: या मापाची प्रतिकृती पस्तीस फुटांवर धरली की ती जवळपास अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाइतकी दिसते. एका छांदिष्टाच्या एक इंची माणसावर युद्धाने शिक्का मारला. या छंदाची मुळे निरागस बालपणात शोधणाऱ्यांशी माझे म्हणूनच जमत नाही. ती तोफेच्या कट्ट्यावर तितकीच खोल गेलेली आहेत.

युद्ध संपले तेव्हा दोन गोष्टी एकदम मोकळ्या झाल्या: पॉलिस्टायरीन हे स्वस्त, कडक, न वाकणारे प्लॅस्टिक, आणि ते वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरणारी इंजेक्शन मोल्डिंगची यंत्रे. पॉलिस्टायरीनचा आणखी एक गुण प्रतिकृतीवाल्यांच्या फार कामी आला. त्याचा गोंद हा खरे तर गोंद नसतोच. तो एक द्रावक असतो. दोन्ही कडा किंचित विरघळतात, एकमेकींत मिसळतात आणि द्रावक उडून गेला की सांधा एकजीव होतो. चिकटवणे नव्हे, वितळजोडच म्हणायचे. लाकडी विमान घडवायला हात लागत, आता डोळे आणि सबुरी पुरली. ज्यांना रंधा धरता येत नव्हता अशी लाखो मुले एकाएकी विमानकर्ती झाली.

लंडनमध्ये निकोलस कोव्ह या हंगेरीतून आलेल्या निर्वासिताने १९३९ मध्ये 'एअरफिक्स' काढली होती. तेव्हा ती हवा भरायची रबरी खेळणी करी, मग कंगवे. विमानांशी नावापुरताही संबंध नव्हता. नावाची सुरुवात 'ए'ने झाली की व्यापारी यादीत वर लागते, एवढाच हिशेब. १९४९ मध्ये फर्ग्युसन कंपनीने आपल्या विक्रेत्यांसाठी ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती मागवली. ती जोडून देण्याची मजुरी परवडेना, तेव्हा सुटे भागच विकायचे ठरले. छंद असाही जन्मतो, मजुरी वाचवण्याच्या खटपटीतून. पुढे वूलवर्थ या दुकानसाखळीने 'गोल्डन हाइंड' जहाजाचा संच घ्यायची तयारी दाखवली, पण किंमत दोन शिलिंगांवर जाता कामा नये असे बजावले. खोके परवडत नव्हते. म्हणून १९५२ मध्ये भाग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर कागदी पट्टी टाचली गेली. पुढची दोन दशके ब्रिटिश मुलांचा खाऊचा पैसा त्या पिशव्यांत गेला.

अमेरिकेत दरम्यान जेटचे युग सुरू झाले होते, आणि जेटच्या संचांची पहिली पिढी अगदी चोरपावलांनी आली. शिकागोच्या 'हॉक' कंपनीने युद्धानंतर प्लॅस्टिकची विमाने काढली. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या 'ऑरोरा'ने आपले पहिले दोन संच आणले: ग्रुमन पँथर आणि लॉकहीड एफ-९०. दोन्ही जेट आणि दोन्ही हॉकच्या संचांच्या सरळ नकला. यातले एफ-९० म्हणजे गंमतच. खऱ्या जगात ते फक्त दोनच बनले आणि हवाई दलाने नाकारले; त्यांपैकी एक त्याच १९५२ साली नेव्हाडाच्या वाळवंटात अणुस्फोटाच्या चाचणीत उभे करण्यात आले, स्फोट सोसूनही उरले आणि आता डेटनच्या हवाई दल संग्रहालयाकडे आहे. ज्याला लष्करात जागा मिळाली नाही त्याला मुलांच्या टेबलावर मिळाली. नकलेची साखळी इथेच थांबली नाही. १९५०च्या दशकात एअरफिक्सने आपले पहिले विमान, स्पिटफायर, काढले ते ऑरोराच्या स्पिटफायरवरून बेतून, अगदी ऑरोराने धडावर घातलेल्या चुकीच्या 'बीटीके' या अक्षरांसकट. पेणच्या गणपतीच्या साच्यावरून साचा घेताना मूळ मूर्तीच्या बोटावरचा टवकाही पुढच्या मूर्तींत जावा, तसे. पुराभिलेखातल्या हस्तलिखितांची वंशावळ अभ्यासक समान चुकांवरून लावतात. प्रतिकृतींचीही तशीच लावावी लागते.

या काळात आपला बहात्तरचा आकडा संकटात होता. लुईस ग्लेझरच्या 'रेव्हेल'ने १९५३ मध्ये युद्धनौका 'मिसुरी'चा संच काढून धंदा जोरात चालवला. पण रेव्हेलचा हिशेब असा की खोके एका ठरावीक मापाचे हवे, विमान त्यात बसेल तेवढे लहान करायचे. त्यामुळे मोठे बॉम्बर आणि छोटे लढाऊ विमान टेबलावर जवळजवळ सारखेच दिसत. या 'खोक्याच्या मापा'विरुद्ध एअरफिक्सने चिकाटीने १:७२ लावून धरले आणि अखेर ग्राहकाने निकाल दिला. मुलांना एक विमान नको होते, पूर्ण हवाई दल हवे होते. मोठ्या आकाराची हौस असणाऱ्यांसाठी १:४८ म्हणजे पाव इंचाला एक फूट, आणि त्याहून धनवानांसाठी १:३२, अशी पायरी पुढे ठरून गेली.

आता आपण जपानकडे वळू, कारण इथून पुढे या वस्तूचे खरे घर तेच. शिझुओका हे शहर शोगुनांच्या काळापासून सुतारांचे आणि लाखकाम करणाऱ्यांचे. देवळांच्या बांधकामासाठी बोलावलेले कारागीर तिथेच राहिले, असे तिथले लोक सांगतात. त्याच परिसरात १९४१ मध्ये हासेगावा आणि १९४६ मध्ये तामिया या कंपन्या निघाल्या. तामियाची सुरुवात तर लाकडाच्या वखारीनेच झाली. दोन्ही आधी लाकडी प्रतिकृती करत. अमेरिकी प्लॅस्टिकचे संच येऊ लागल्यावर लाकडाचा धंदा बसला आणि १९६०च्या आसपास दोघींनीही प्लॅस्टिक धरले. जहाजे आणि रणगाडे तामियाने गाजवले, जेट हासेगावाने. सुताराच्या गावाने प्लॅस्टिकला सांध्याची शिस्त शिकवली असे मला नेहमी वाटते. जुन्या ब्रिटिश संचांत पंख आणि धड यांच्यामध्ये नख शिरेल एवढी फट असे आणि ती पुट्टीने भरायची असते हे गृहीतच असे. जपानी संचांत दोन भाग ओठांवर ओठ मिटल्यासारखे बसू लागले.

खरे जेट मोजायला मिळणे हा मात्र सर्वांचाच प्रश्न होता. सोव्हिएत विमाने लष्करी कवायतींच्या अस्पष्ट छायाचित्रांवरून अंदाजाने घडवली जात. ६ सप्टेंबर १९७६ रोजी व्हिक्टर बेलेंको हा सोव्हिएत वैमानिक मिग-२५ घेऊन जपानच्या हाकोदाते विमानतळावर उतरला आणि आश्रय मागू लागला. पाश्चात्त्य गुप्तहेरांना झाला तेवढाच आनंद जपानी साचेकारांना झाला असणार. दंतकथा झालेले विमान आता छायाचित्रांसह वर्तमानपत्रांत होते आणि त्याचे संच लगोलग दुकानांत आले. पुढे १९८१ पासून पंचवीस वर्षे याच जातीची विमाने आपल्या हवाई दलाने बरेलीहून उडवली, हे इथे जाता जाता.

उलटही घडे, संचातूनच गुपित फुटल्याची ओरड होई. १९६१ मध्ये रेव्हेलच्या पोलॅरिस पाणबुडीच्या संचाने अमेरिकी नौदलाचे अ‍ॅडमिरल रिकोव्हर संतापले. तीन डॉलरहून कमी किमतीत शत्रूला आपली गुपिते मिळाली, अशी त्यांची तक्रार. पण सर्वांत मौजेचा प्रसंग १९८६चा. अमेरिकी हवाई दलाच्या क्रमांकांत एफ-१८ नंतर एफ-२० आले होते. मधला एकोणीस गेला कुठे? रडारला न दिसणारे गुप्त विमान असल्याची कुजबुज होती. 'टेस्टर्स' कंपनीच्या जॉन अँड्र्यूज यांनी तर्काने 'एफ-१९ स्टेल्थ' घडवले: गोलसर, मऊ, मांजरीच्या पाठीसारखे. संच प्रचंड खपला. जे लोकप्रतिनिधींनाही दाखवले जात नाही ते पोरांच्या दुकानात कसे, असा प्रश्न अमेरिकी काँग्रेसच्या सुनावणीत प्रत्यक्ष तो संच समोर ठेवून विचारला गेला. नोव्हेंबर १९८८ मध्ये खरे विमान उघड झाले. त्याचा क्रमांक होता ११७ आणि अंगावर एकही वळण नव्हते. सगळे हिऱ्यासारखे सपाट पैलू. कधीही अस्तित्वात नसलेल्या विमानाची ही प्रतिकृती जुन्या संचांच्या संग्राहकांकडे आजही जपून ठेवलेली आढळते, आणि मला तरी ती खऱ्यापेक्षा देखणी वाटते.

साच्याविषयी थोडे थांबून बोलायला हवे. जुन्या संचांवर पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा उंचवट्याच्या असत. खऱ्या विमानावर त्या बारीक फटी असतात. कारागिरांना हे कळत नव्हते असे नाही. साचा हा विमानाचा उलटा ठसा. साच्याच्या पोलादात रेघ ओरखडणे सोपे, आणि ती रेघ प्लॅस्टिकवर उंचवटा होऊन येते. प्लॅस्टिकवर खोल रेघ हवी तर साच्यात केसाएवढी भिंत उभी ठेवून भोवतीचे सगळे पोलाद काढावे लागते. ठिणगीने पोलाद झिजवण्याचे तंत्र आणि पुढे संगणकावर चालणारी कोरणी आल्यावर ते परवडू लागले, आणि १९८०च्या दशकापासून खोदीव रेषा हा प्रतिष्ठेचा विषय झाला. एका साच्याला फार पैसा लागतो, पण तो नीट राखला तर माणसापेक्षा जास्त जगतो. १९७१ मध्ये फ्रॉगची पालक कंपनी बुडाली आणि काही वर्षांत फ्रॉगचे साचे सोव्हिएत संघाला विकले गेले. शीतयुद्ध ऐन भरात, आणि ब्रिटिश स्पिटफायर 'नोव्हो' या नावाने सोव्हिएत कारखान्यातून परत येऊ लागले! जर्मन आणि जपानी विमानांचे साचे मात्र सोव्हिएतांनी घेतले नाहीत. ते रेव्हेलकडे गेले. एअरफिक्स १९८१ मध्ये कोसळली, मग अमेरिकी मालकाकडे, मग १९८६ मध्ये रंगवाल्या हम्ब्रोलकडे, तीही बुडाल्यावर २००६ मध्ये हॉर्नबीकडे. कंपन्या कुळांसारख्या बदलल्या, जमीन तीच राहिली.

रंगाची वंशावळ वेगळीच आहे. हम्ब्रोल म्हणजे १९१९ मध्ये हल या बंदरात निघालेली हम्बर ऑइल कंपनी. तिच्या अंगठ्याएवढ्या डब्यांतला इनॅमल रंग, एक बारीक ब्रश आणि बशीत टर्पेंटाइन: दोन पिढ्यांची सामग्री एवढीच. बाटलीच्या झाकणाएवढ्या डबीचे झाकण कोरडे पडून घट्ट बसते आणि स्क्रूड्रायव्हरने उघडताना अर्धा रंग टेबलावर सांडतो, हे ज्याला ठाऊक नाही त्याने हा छंद केलेला नाही. १८९०च्या दशकात चार्ल्स बर्डिकने सुधारलेला एअरब्रश पुढे प्रतिकृतीवाल्यांच्या हाती आला आणि ब्रशचे ओरखडे गेले. मग घराणी निघाली, अगदी गाण्यासारखी. बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांचे घराणे कोरड्या ब्रशाने कडा उजळवणारे आणि पातळ काळा रंग फटींत सोडून छाया धरणारे. पुढे स्पॅनिश घराण्याने प्रत्येक पत्र्यात रंगाची चढउतार दाखवली; त्यांचे विमान कारखान्यातून निघाल्यापेक्षा दहा वर्षे उन्हात उभे राहिलेले वाटते. दुसरीकडे कर्मठ मंडळी: रंग अमेरिकी सरकारी रंगपत्रिकेच्या पाच आकडी क्रमांकाशीच जुळला पाहिजे. त्यांना उत्तर असे की खऱ्या क्रमांकाचा रंग १:७२ वर गडद दिसतो, कारण दूरच्या वस्तूचा रंग हवेने फिका होतो. म्हणून थोडे पांढरे मिसळावे. हा वाद मिटलेला नाही आणि मिटू नये. आमच्याकडच्या पावसाळ्यात मात्र दोन्ही पक्ष हरतात. हवेत दमटपणा असताना लॅकर मारला की तो पांढुरका धुरकट होतो, आणि जूनमध्ये सुरू केलेले विमान दसऱ्यापर्यंत राखाडी प्रायमरवरच थांबते.

भारतीय विमाने रंगवणाऱ्यांना यात एक मजेशीर दिलासा आहे. १९७१च्या युद्धाच्या सुमारास आपल्या चकचकीत धातूच्या मिग-२१ विमानांवर तळावरच घाईने हिरवे पट्टे ओढले गेले. ब्रशचे ओरखडे खऱ्या विमानावरच होते. तिथे एअरब्रश वापरणे हीच चूक.

हे मिग-२१ नाशिकजवळच्या ओझरला, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात घडत. एफएल, मग एम, मग बिस, असे करत सहाशेहून अधिक विमाने देशात तयार झाली. हवाई दलात १९६३ मध्ये चंदीगडला सुरू झालेला मिग-२१चा अध्याय २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडलाच संपला. ओझरहून निघालेले शेवटचे मिगही आता उभे असतील ते चौकांत किंवा संग्रहालयांत, वाऱ्यापावसात. मिग-२१ चे आजचे सर्वांत वाखाणले जाणारे साचे मात्र झेक प्रजासत्ताकात ओब्रनित्से नावाच्या छोट्या गावात आहेत. साम्यवादी राजवट कोसळली त्या १९८९ साली निघालेली 'एडुआर्ड' ही कंपनी आधी केसाएवढ्या पातळ कोरीव पितळी पट्ट्या विके, जुन्या संचांच्या कॉकपिटमध्ये घालायला. २०११ मध्ये तिने १:४८ मध्ये मिग-२१ काढला आणि २०१८ मध्ये तोच १:७२ मध्ये आणला. अशा संचाच्या खोक्यात एकाच राखाडी चौकटीतून अनेक देशांची विमाने निघतात. रंग आणि पाण्यावर सुटणारी चित्रे तेवढी बदलायची.

तिरंगी चक्रे लावण्याआधी, म्हणजे धडाचे दोन अर्धे एकमेकांवर मिटण्याआधी, एक काम उरते. तीन चाकांवर उभ्या राहणाऱ्या बऱ्याच जेटच्या प्रतिकृतींचा तोल मागे जातो. म्हणून मासेमारीच्या गळाला लावतात त्या शिशाच्या दोन-तीन गोळ्या नाकाच्या शंकूमागे चिकटवतात, त्या हलणार नाहीत याची बोटाने खात्री करतात, आणि मगच कडांवर द्रावकाचा ब्रश फिरवतात. एक इंचाचा वैमानिक त्या वेळी कॉकपिटमध्ये आधीच बसलेला असतो.